आमच्या मुलांचा धर्म : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर दहा-बारा मुलं जमतात. स्तोत्रं, आरत्या, सणांच्या कहाण्या, पंचांग कसं बघायचं, असं थोडं थोडं मी त्यांना शिकवते. मुलांना सोडायला आलेले आई-वडील आणि आजी-आजोबा जिन्यात थांबून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी शास्त्री नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. उत्तरं माझी आहेत, बारा वर्षं मुलांसोबत सतरंजीवर बसून सापडलेली.

आजची मुलं धर्मापासून दूर चालली आहेत, हे खरं ना?

मला तसं दिसत नाही. बुधवारी संध्याकाळी खजराण्याच्या गणपतीला जाऊन बघा. परीक्षा जवळ आल्या की रांगेत पाठीवर कोचिंगची बॅग घेतलेली मुलंमुलीच जास्त असतात. उज्जैनला महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर, महाकाल लोक, २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून पहाटे मोटरसायकलवरून महाकालला जाणाऱ्यांत माझेच जुने विद्यार्थी भेटतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार प्रौढांशी बोलून पाहणी केली, त्यात ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं.

देव सुटलेला नाही. सुटतेय ती घरची रीत, आणि ती रीत ज्या भाषेत चालायची ती मराठी. मुलगा महाकालला जातो, पण आपलं कुलदैवत कोणतं हे त्याला सांगता येत नाही. मुलगी नवरात्रात गरब्याला जाते, पण घरी घट बसतो तेव्हा त्या मातीत कोणती धान्यं पेरायची हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. काळजी करायची तर याची करा, कारण हे आपल्या हातात आहे.

एक उदाहरण नेहमी देते. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्याकडे कापड मिलांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या मिलाही एकेक करून थंडावल्या. पगार नाही, भोंगा नाही, पण झांकी निघतेच, आणि ती बांधायला मजुरांची मुलं-नातवंडं उभी राहतात. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. लहानपणी बापाबरोबर रात्र रात्र जागून त्यांनी बांबू धरले होते, खळ लावली होती. हाताला काम मिळालं की मूल त्या गोष्टीला आपलं म्हणतं.

शेजारच्यांचा श्रावण आधीच सुरू होतो आणि आपला नंतर. मुलगी विचारते, खरा श्रावण कोणता?

इंदूरमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा सगळ्यात आवडताही. पुण्या-मुंबईच्या मुलांना तो सहसा पडत नाही.

आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. आपला अमान्त, त्यांचा पूर्णिमान्त. शुक्ल पक्षाला दोघंही एकाच महिन्याचं नाव देतात, फरक पडतो तो कृष्ण पक्षात. म्हणून राखी, हरतालिका, गणेश चतुर्थी, रामनवमी यांत काही घोळ नाही. कृष्णजन्म दोन्ही घरी एकाच रात्री होतो, फक्त आपण त्याला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो आणि ते भादो वदी. दिवाळीची अमावास्या आपल्या आश्विनातली आणि त्यांच्या कार्तिकातली, दिवे मात्र त्याच रात्री लागतात.

२०२५ मध्ये शेजाऱ्यांचा श्रावण ११ जुलैला लागला आणि आपला २५ जुलैला. त्यांचे दोन सोमवार होऊन गेले तेव्हा आपल्याकडे आषाढच होता. वटसावित्रीचं तर व्रतच वेगळ्या तिथीला. शेजारच्या भाभी ज्येष्ठ अमावास्येला वडाला गेल्या, २६ मे रोजी. आपण पौर्णिमेला, १० जूनला.

पाचवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "काकू, मग महादेवाला कोणता सोमवार पोचतो?" मी तिला उत्तर दिलं नाही, वही दिली. रोज रात्री गच्चीवर जाऊन चंद्र जसा दिसेल तसा काढायचा, एका पानावर तीस गोल. तिने महिनाभर काढला. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे नऊ गोल रिकामे आणि त्यांच्या बाजूला बारीक अक्षरात "बादल" लिहिलेलं. शेवटी तिच्या लक्षात आलं की चंद्र एकच आहे, कुणी पूर्ण गोलापासून मोजतं, कुणी काळ्या गोलापासून. दोन घरांची रीत वेगळी असून दोन्ही बरोबर असू शकतात, हे त्या मुलीला वयाच्या दहाव्या वर्षी वहीतून कळलं. मोठ्यांना हे समजावताना माझी दमछाक होते.

जमलं तर मुलांना उज्जैनची वेधशाळा दाखवा, सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली. उज्जैन कर्कवृत्ताजवळ आहे, म्हणून २१ जूनच्या सुमारास भर दुपारी तिथल्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. आपल्या पूर्वजांनी तिथी आकाश बघून ठरवली, हे मुलांना तिथे उभं राहून पटतं. पंचांग मग भिंतीवरचा कागद राहत नाही.

मुलांना मराठी नीट येत नाही. आरती हिंदीत किंवा इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करवली तर चालेल?

सुरुवातीला चालेल. पण इंदूरच्या मुलांना देवनागरी येतेच, हिंदीमुळे. परदेशातल्या मुलांपेक्षा आपलं अर्धं काम आधीच झालेलं आहे, त्याचा फायदा घ्या. अडते ती "ळ"ची जागा. "ओवाळू"चं "ओवालू" होतं. ळ मालवीतही आहे, त्यामुळे घरी कामाला येणाऱ्या मावशी मालवी बोलत असतील तर मुलाला त्यांच्याशी गप्पा मारू द्या, महिन्याभरात जीभ वळते.

उच्चारापेक्षा अर्थाचं जास्त बघा. आमच्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा गणपतीची आरती मोठ्या आवाजात म्हणायचा. पहिल्याच कडव्यातल्या "नुरवी"पाशी तो हात वर न्यायचा, दिवा दाखवल्यासारखा. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "नूर ना काकू! बप्पा का नूर." त्याला हिंदीतला नूर माहीत होता, त्याने तो आरतीत शोधला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मूल किती मनापासून अर्थ शोधत होतं, आणि आपण कुणीच त्याला तो दिला नव्हता. मी त्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "पोळी उरली का?" "नाही उरली." "मग न उरवी म्हणजे?" तो थांबला, पुटपुटला, आणि एकदम म्हणाला, "म्हणजे बप्पा टेन्शन की खबर भी नहीं छोड़ता!" इतका अचूक अर्थ मी स्वतः कधी सांगितला नव्हता. त्या गणपतीत त्याने घरी वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी मला फोन करून कबूल केलं की चाळीस वर्षं म्हणतोय, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून एक करा. या वर्षी एकच आरती घ्या आणि तिच्यातला प्रत्येक शब्द मुलाला कळू द्या. दहा पाठ नसल्या तरी काही बिघडत नाही.

आमचा मुलगा म्हणतो, "मी देव मानत नाही." काय करावं?

आधी रागावू नका. त्याला विचारा की तो कोणता देव मानत नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, "नारळ फोडला की मार्क देणारा." तसा देव मीही मानत नाही.

मग त्याला सांगा की हा प्रश्न आपल्याच घरातला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय सूक्त, फक्त सात ऋचांचं आहे. सृष्टी कुठून आली असं विचारत विचारत ते शेवटी म्हणतं की जो हिचा अध्यक्ष आहे त्यालाच ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. सांख्य दर्शनाच्या जुन्या मांडणीत ईश्वराची गरज नाही. चार्वाकांनी तर वेदच नाकारले, आणि त्यांची मतं आपल्याच ग्रंथकारांनी खोडून काढण्यासाठी का होईना, लिहून ठेवली. कठोपनिषदात नचिकेत हा लहान मुलगा यमाच्या दारात तीन रात्री बसतो आणि मरणानंतर काय, हे विचारतो. यम त्याला हत्ती-घोडे, राज्य, दीर्घायुष्य देऊ करतो. मुलगा प्रश्न सोडत नाही.

आयआयटीत शिकणारा एक विद्यार्थी मला म्हणाला होता की आरतीला उभं राहिलं की ढोंग केल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, उभा राहू नकोस, झांज वाजव, आमच्याकडे झांजेला माणूस कमी आहे. तो दहा दिवस आला. आजही देव मानत नाही, आणि आजही येतो.

पाळीच्या दिवसांत मुलींना पूजेपासून दूर ठेवावं का? मुलगी भांडते.

मी ठेवत नाही. माझं मत मी लपवत नाही, कारण या एका गोष्टीने जितक्या मुली धर्मावर कायमच्या रुसलेल्या मी पाहिल्या, तितक्या दुसऱ्या कशानेही नाही.

माझी मुलगी बारावीत होती. एका ओळखीच्या घरी मंगळागौर होती. तिने हौसेने नऊवारी नेसली, आणि तिथे सहज खरं सांगून बसली. तिला दारातून परत पाठवलं. रिक्षातून घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आता ती तिशीत आहे. मंगळागौर हा शब्द निघाला की अजूनही खोलीतून उठून जाते.

संत चोखामेळा यांच्या पत्नी सोयराबाई यांनी सातशे वर्षांपूर्वी अभंगात विचारलं आहे की देहाचा विटाळ देहातच जन्मला, तर मग सोवळा कोण झाला? तिकडे आसामात कामाख्येला अंबुबाचीच्या दिवसांत देवी रजस्वला मानतात, देऊळ तीन दिवस बंद असतं आणि नंतर लाखो माणसं दर्शनाला जातात. परंपरा एकच बोलत नाही. त्यातलं कोणतं बोलणं मुलीपर्यंत पोचवायचं हे आईने ठरवायचं. तुमच्या घरी सासूबाई वयस्कर असतील आणि त्यांना त्रास होत असेल, तर मुलीशी बसून बोला. आजीच्या मनासाठी एखादा दिवस लांब राहणं वेगळं, आणि तू अशुद्ध आहेस असं ऐकणं वेगळं. मुलींना हा फरक बरोबर कळतो.

मुलं जातीबद्दल विचारतात. लहान वयात हे सांगावं का?

सांगावं. तुम्ही नाही सांगितलं तर मोबाईल सांगेल, आणि मुलाला वाटेल की आई-बाबांनी आपल्यापासून लपवलं.

आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर महू आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथे झाला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी सत्याग्रह सुरू केला. दरवाजे उघडले नाहीत. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला. आपल्या धर्मातला इतका मोठा माणूस दारात उभा राहिला आणि आपण दार लावून घेतलं. तरुण मुलांसमोर धर्माच्या भविष्याबद्दल बोलायचं असेल तर इथून सुरुवात करावी लागते, असं मला वाटतं.

मग पंढरपूर सांगा. चोखोबांची समाधी देवळाबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा विठोबाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं. एवढ्यावर गोष्ट संपवू नका. घरी विचारा की आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा का आहे. मुलं कपच बघतात. आमच्या वर्गातली एक मुलगी घरी जाऊन तो कप बाकीच्या कपांत मिसळून आली होती. तिच्या आजीने आधी आरडाओरडा केला, पण कप पुन्हा वेगळा काढला नाही.

मुंज करावी का? मुलीची करता येते का?

करायची तर समजून करा. उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणं. हॉल, केटरिंग आणि घोड्यावरची मिरवणूक यांत तेवढंच राहून जातं. मुलीबद्दल म्हणाल तर हारीत धर्मसूत्रात ब्रह्मवादिनी स्त्रियांचं उपनयन आणि वेदाध्ययन सांगितलेलं आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं आणि त्यांच्याकडून संस्कार करवून घेणारी घरं आज पुष्कळ आहेत. आमच्या ओळखीत एका बहीण-भावाची मुंज एकाच मांडवात झाली. गायत्री मंत्र दोघांनाही येतो, संध्या मात्र बहीणच करते.

मूर्ती शाडूचीच हवी का?

हो. मुलांकडून करवून घ्या, सोंड वाकडी झाली तरी तीच बसवा. बादलीत विसर्जन करा आणि ती माती तुळशीला घाला.

मुलं रीलवरून धर्म शिकतात. थांबवावं का?

थांबवता येणार नाही, आणि सगळंच वाईटही नाही. रामरक्षेचा उच्चार कितीतरी मुलांनी यूट्यूबवर ऐकूनच सुधारला. अडचण अशी की तीस सेकंदांत चमत्कार बसतो, विचार बसत नाही. "या मंत्राने सात दिवसांत नोकरी", "हा श्लोक नासाने सिद्ध केला" असलं काही मुलाने दाखवलं तर त्याला एकच विचारायला शिकवा : कुठे लिहिलंय? ग्रंथ कोणता, अध्याय कोणता? वर्गात आम्ही हा खेळच करतो. एकदा गीतेच्या नावावर फिरणारं एक वाक्य मुलांनी अठराही अध्याय चाळून शोधलं. सापडलं नाही. पण त्या निमित्ताने अठरा अध्याय हातातून गेले.

हिंदू असणं म्हणजे दुसऱ्या धर्माच्या विरोधात असणं का? कॉलेजमधला मुलगा हल्ली फार कडवट बोलतो.

त्याला एकदा महेश्वरला घेऊन जा. घाटावर पायऱ्यांवर बसा आणि अहिल्याबाईंचं सांगा. देवळं पाडली गेल्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला असेल? त्यांनी काय केलं, तर काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं, सोमनाथला नवं देऊळ बांधलं, गयेला विष्णुपद बांधलं. आणि जागोजागी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. विहिरीवर येणाऱ्या तहानलेल्याला धर्म विचारत नाहीत. तिथल्या राजवाड्यात आजही रोज सकाळी मातीची छोटी छोटी शिवलिंगं करतात, प्रत्येकावर तांदळाचा दाणा, पूजा झाली की नर्मदेत सोडतात आणि मासे ते दाणे खातात. मी हे अनेकदा पाहिलं आहे. धर्माचा अभिमान म्हणजे काय, हे मुलाला शब्दांत सांगता येत नसेल तर तिथे जाऊन दाखवा.

सून मारवाडी आहे (किंवा सिंधी, किंवा तमिळ). नातवंडांना कोणती रीत शिकवायची?

दोन्ही. मुलं दोन भाषा शिकतात तशा दोन रीतीही शिकतात. सुनेच्या माहेरचा एक सण तुमच्या घरी थाटात करा, मग ती आपला सण मनापासून करते.

मुलं पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेला गेली. आमच्यानंतर महालक्ष्म्या कोण बसवणार?

हा प्रश्न विचारताना बायका रडतात, म्हणून घाईने उत्तर देत नाही.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तीन दिवस, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबिल. हे सगळं एका बाईच्या अंगावर पडत असेल तर ते पुढच्या पिढीत जाणार नाही, आणि गेलं नाही तर मुलीला-सुनेला दोष देऊ नका. कुलाचार बदलत आलेला आहे. कुणाकडे उभ्या लक्ष्म्या आहेत, कुणाकडे सुगडावर मुखवटे, कुणाकडे नुसते खडे. खड्यांच्या गौरी आणणाऱ्या घरावर देवी नाराज झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मुलगीच असेल तर मुलीला द्या. दोन मुलं असतील तर आलटून पालटून.

माझ्या धाकट्या जावेने तीन वर्षांपूर्वी मुखवट्यांची पेटी मुलाबरोबर बंगळुरूला पाठवली. विमानात हातातच धरून नेली त्याने. टू-बीएचके फ्लॅट, ऑफिसला सुट्टी एकच दिवस. सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी केली. साडी नेसवायला आजीला व्हिडिओ कॉल लावला, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आजी इथून ओरडत होत्या, "निऱ्या डावीकडे रे, डावीकडे!" निऱ्या मुलगाच घालत होता, कारण त्याच्या बायकोच्या हातात पुरण होतं. ज्येष्ठेचा पदर जरा खाली आला होता. आजी फोटो बघून म्हणाल्या, यंदा पदर असाच राहू दे.

पेटी देताना एक वही सोबत द्या. कुठल्या दिवशी काय, कोणती ओटी, कोणतं गाणं, तुमच्याच अक्षरात. मोबाईलवर टाईप केलेलं नको.

रविवारच्या वर्गाला काय आणायचं? फी किती?

फी नाही. आणायची ती एक दोनशे पानी वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली. सकाळी साडेआठला या, पोहे आमच्याकडे असतात. आजी-आजोबांना जिन्यात उभं राहायची गरज नाही, वर गच्चीवर खुर्च्या आहेत.